लाल दवावाली जिजी

जिजीला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मी भाषण करत होते आणि ती माझ्या पायांकडे बघत होती.

नंदुरबारच्या एका धर्मशाळेत आम्ही वीस-पंचवीस जण जमलो होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. पश्चिम खानदेशात पटकीची साथ पसरू लागली होती आणि शहरातल्या काही डॉक्टर-वकिलांनी मिळून एक मदतमंडळ काढलं होतं. सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी खेड्यांत जायचं, विहिरींत औषध टाकायचं, लोकांना सुई टोचून घ्यायला तयार करायचं, असं काम होतं. मी पुण्याहून इंटरची परीक्षा देऊन आले होते. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेलं, त्यामुळे कुणी ‘दोन शब्द बोला’ म्हटलं की मला दोनशे सुचायचे. अज्ञान, रूढी, राष्ट्राचं आरोग्य, असं बरंच काही मी त्या दिवशी बोलले. टाळ्याही पडल्या.

सभा उठल्यावर भिंतीशी बसलेली एक उंच, हाडकुळी बाई माझ्याजवळ आली. पन्नाशी उलटलेली. डोक्यावरून घेतलेलं जाडंभरडं लुगडं, मोकळं कपाळ, वाऱ्याउन्हाने रापलेला चेहरा. तिने माझ्या पुण्याच्या चपलांकडे बोट केलं.

“ह्या दोन कोसबी टिकाव नहीत. अक्कलकुवावरना डोंगर देखेल शेत का तुनी?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग आधी चांभारकडथीन वहाना करी ले.” मग जरा थांबून, अगदी खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, “आनि हाई जे तू बोलनी ना, ते कोले सांगी ऱ्हायंती? अठे बठेल लोकेसमा मरी लागेल एकबी नव्हता.”

मला राग आला. पण पटकी झालेलं त्या सभेत एकही माणूस नव्हतं, हे मात्र खरं होतं.

ती म्हसावदची जमनाबाई. सगळे तिला जिजी म्हणत. माझे वडील एका वकिलाकडे कारकून होते. एकटी मुलगी खेड्यापाड्यांत हिंडणार म्हणून आधी ते नाहीच म्हणाले. पण “म्हसावदच्या जिजी बरोबर आहेत,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी पगडी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, “मग जाऊ दे.”

तिच्या घरी शेती होती, चांगली काळी जमीन, पुतणे बघत. तरुणपणीच नवरा गेला होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. मंडळाने फक्त बैलगाडी मागितली होती. जिजी गाडी घेऊन आली आणि स्वतःच हाकायला बसली. लुगड्याचा पदर खोचून, कासरा हातात धरून ती तळोद्याच्या रस्त्याने निघाली की शेतातली माणसं कामं थांबवून बघत राहत. तिच्या ते गावीही नसे. बैलांशी तिचं बोलणं सतत चालू असायचं आणि ते आमच्याशी चाललेल्या बोलण्यातच मिसळलेलं असायचं, त्यामुळे “आते गुमान चाल” हे मला सांगितलं की बैलाला, हे कितीदा कळायचं नाही.

गाडीत आम्ही चौघं. जिजी, मी, औषधांच्या पेटीला पोटाशी धरून बसलेले वामनराव कंपाउंडर, आणि अक्कलकुव्याहून पुढे आमच्याबरोबर येणारी रुमली. रुमली डोंगरातली, तिशीची, भिली तिची घरची बोली. बाजारात येऊन येऊन अहिराणीही शिकलेली. डोंगरातल्या लोकांशी आम्ही बोलायचं ते तिच्या तोंडून.

पहिल्या दिवशी मी जिजीला “तुम्ही” म्हटलं. तिने गाडी थांबवली.

“तुम्ही काय म्हनस व? मी काय मामलेदार शे का?”

त्यानंतर मी तिला आईसारखं “तू” म्हणत गेले.

तिची एक सवय होती. कुठल्याही घरी गेली की ती ओट्यावर बसायची, घरातल्या बाईच्या पुढ्यातलं सूप न विचारता आपल्या मांडीवर ओढायची आणि धान्यातले खडे निवडू लागायची. पटकीबद्दल एक शब्द नाही. ज्वारी कुठल्या शेतातली, सून कुठल्या गावची, गाय कधी व्यायली, असं चालायचं. सूप अर्धं निवडून व्हायचं तेव्हा ती बाईच आपण होऊन म्हणायची, आमच्या आळीत काल दोघं गेले. मग जिजी मान वर करायची. मी वहीत घरांची नावं लिहून घाईने पुढे सरकू बघायची, आणि जिजी एका घरात तासभर. मला वाटायचं, ही वेळ घालवते. पण संध्याकाळी हिशेब असा दिसायचा, की मी पंधरा घरं केली आणि सुई टोचून घ्यायला कुणीच आलं नाही. जिजीने तीन घरं केली आणि आख्खी आळी आली.

विहिरीत टाकायचं ते औषध जांभळ्या बारीक खड्यांचं. पाण्यात पडलं की पाणी गुलाबी होई. लोक त्याला लाल दवा म्हणत आणि जाम भीत. म्हसावदच्या अलीकडच्या एका गावात तर बायका विहिरीला कडं करूनच उभ्या राहिल्या. सरकारने विहिरीत रक्त टाकायला माणसं पाठवलीत, अशी अफवा आमच्या आधी पोहोचली होती. त्या बायकांच्या पुढे एक म्हातारी होती, कंबरेत वाकलेली, हातात काठी. मी पुढे होऊन औषधाची माहिती सांगू लागले. मला वाटत होतं, आता जिजी ते पाणी स्वतः पिऊन दाखवील आणि सगळं सोपं होईल.

जिजीने तसं काही केलं नाही. तिने वामनरावांच्या हातातली वाटी घेतली आणि सरळ म्हातारीच्या हातात दिली.

“आजी, गाव तुन्हं, विहीर तुन्ही. आम्ही कोन टाकनार? टाकनं व्हई ते तूच टाक. नही ते वाटी परत दे, आम्ही चालनूत.”

म्हातारी वाटीतल्या खड्यांकडे बघत राहिली. मग तिने बारीक बारीक प्रश्न विचारले, आणि ते मला माझ्या भाषणात कधीच सुचले नव्हते. पाण्याला वास येईल का? किती वेळाने रंग जाईल? तान्ह्या लेकराला चालेल का? गाभण म्हशीला? वामनरावांनी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटी म्हातारीने काठी बाजूला ठेवली, विहिरीला हात जोडले आणि वाटी उपडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हातारी विहिरीवर बसून प्रत्येक बाईला सांगत होती, “मी टाकेल शे. भरा पानी.”

आणि ही एवढी धीराची बाई सुईला मात्र लहान पोरीसारखी भ्यायची. लोकांसमोर पहिली सुई जिजीने घ्यायची, असं ठरून गेलं होतं. वामनराव स्पिरिटचा दिवा पेटवू लागले की तिचा चेहरा उतरायचा. ती डोळे घट्ट मिटायची, मिळेल त्याचा हात पकडायची आणि वामनरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वामनराव गरीब माणूस. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा खरी लस टोचून चालत नाही हे ठाऊक असल्याने ते तिला बहुतेक वेळा नुसतीच रिकामी सुई लावत, पण ती तेवढंच ओरडायची. मी एकदा म्हटलं, “जिजी, लोकांपुढे असं भ्यालेलं दाखवू नये.” ती म्हणाली, “मले भ्याव लागस ते लागस. त्यासलेबी लागस. मी खोटं हसनी ते त्या मन्हावर इस्वास काब्र ठेवतीन?”

आता अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्याची गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजून जड जातं.

सागाच्या जंगलातून अर्धा दिवस चालून आम्ही तिथे पोहोचलो. उतारावर विखुरलेली बारा-पंधरा घरं, कुडाच्या भिंतींची. खालच्या अंगाला एक झरा, त्यातच गुरं आणि त्यातच माणसं. शेजारच्या पाड्यावर पटकीने माणसं मरत होती. आम्ही दिवसभर बसलो, पण सुईजवळ कुणी येईना. पाड्याचा कारभारी नुसता मान हलवायचा. जिजी म्हणाली, आज राहू, उद्या बघू. माझ्या पायांना फोड आले होते, डोकं उन्हाने भणभणत होतं, आणि वर आपण ह्यांच्याच भल्यासाठी मरतोय, असा एक खोल राग मनात साचला होता. मी रुमलीला म्हटलं, “त्यांना सांग, सुई घेतली नाही तर उद्या पोलीस येतील आणि सगळ्यांना बांधून नेतील.”

रुमली माझ्याकडे बघतच राहिली. “बाई, हाई सांगू?”

“हेच सांग.”

जिजी तेव्हा झऱ्याकडे गेली होती. रुमलीने खाली मान घालून सांगितलं. एकेक जण उठून आपापल्या घरी गेला.

सकाळी पाडा रिकामा होता. बायका, पोरं, गायी-बैल, सगळं जंगलात. चुली विझलेल्या. फक्त कोंबड्या अंगणात फिरत होत्या, पाच-सात शेळ्या मागे राहिल्या होत्या, आणि एका घरात कारभाऱ्याचा म्हातारा बाप पडला होता. त्याला पहाटेपासून जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. मला इथेच राहू द्या, तुम्ही पळा, असं त्यानेच घरच्यांना सांगितलं होतं.

रुमलीने जिजीला काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता ती मला फाडून खाईल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वामनरावांना घेऊन ती म्हाताऱ्याच्या घरात शिरली. वामनराव औषध देत होते आणि जिजी घोट घोट मिठाची पेज त्याच्या तोंडात सोडत होती. तो ओकायचा, ती तोंड पुसून पुन्हा घोट द्यायची. त्याचे कपडे तिनेच काढले, लांब नेऊन जाळले, खड्डा तिनेच खणला. बाहेर येऊन माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं: “कोंबड्या पाटीखाल झाक. शेयासले पाला टाक. गाव येई तवय एक पिलूबी कमी दिसनं नही पाहिजे.”

मागे कुणा साहेबाबरोबर आलेल्या शिपायांनी त्या पाड्यावरच्या कोंबड्या खाल्ल्या होत्या, हे रुमलीने मला नंतर सांगितलं.

दुपारी म्हाताऱ्याला जरा झोप लागली तेव्हा जिजी अंगणात येऊन बसली. निवडायला सूप नव्हतं. तिचे हात रिकामे होते. मीच म्हटलं, “जिजी, मला बोल काहीतरी.”

माणसं पळून गेली होती त्या जंगलाकडे तिने पाहिलं. मग म्हणाली, “मीबी पयनी व्हती.”

तिची विशी नुकतीच उलटली होती तेव्हा गावात प्लेग आला होता. तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या काखेत गाठ आली. गावाबाहेर छपरं उभारली होती आणि शिपाई आजाऱ्यांना उचलून तिकडे नेत. तिथे नेलेलं पोर परत येत नाही, असं सगळेच म्हणत. जिजीने पोराला खळ्यातल्या कपाशीच्या ढिगात दडवलं, वरून कपाशी टाकली आणि शिपायांना सांगितलं, पोरगं मामाच्या गावी गेलंय. तीन दिवस तिने त्याला तसंच राखलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्यापाठोपाठ नवराही गेला.

“तठे एक डाक्टर व्हता,” ती म्हणाली. “चांगला व्हता म्हनतस. कोनी मन्हापाशी बठीसन सांगतं, माय, तूबी पोऱ्यासंगे चाल, त्याना उशापाशी बठ, ते मी गयी ऱ्हाती. पन सांगाले कोनी उनंच नही. शिपाईच उनात.”

एवढंच. ती उठून म्हाताऱ्याकडे गेली. मी कोंबड्यांच्या पाटीजवळ बसून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सागांच्या कडेला एक बाई दिसली. कारभाऱ्याची बायको. ती बराच वेळ लांबूनच बघत राहिली. मग अंगणात आली, पाट्या उचलून कोंबड्या पाहिल्या, शेळ्या पाहिल्या आणि घरात डोकावली. सासरा भिंतीला टेकून बसला होता आणि जिजीच्या हातून पेज पीत होता. ती जंगलाकडे परत गेली, आणि तासाभरात माणसं खाली उतरू लागली.

जिजी मला म्हणाली, “आते बोल. तुन्हं तूच बोल.”

मी उभी राहिले. आयुष्यात एवढं लहान भाषण मी कधी केलं नव्हतं. म्हटलं, मी खोटं बोलले, पोलीस येणार नाहीत, मला माफ करा. रुमलीने ते त्यांच्या बोलीत सांगितलं. पण माझी तीन वाक्यं तिच्या तोंडी बरीच लांबली, आणि सगळे हसायला लागले. म्हातारासुद्धा.

“काय सांगितलंस ग?” मी विचारलं.

“मी सांगं, ही कालेजवाली शे. हिले अजून बोलता येत नही. शिकी ऱ्हायनी शे.”

मग दिवा पेटला. जिजी ओरडली, वामनरावांना शिव्या मिळाल्या, आणि ह्या वेळी तिचा हात कारभाऱ्याच्या बायकोने धरला होता. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी सुई घेतली. झऱ्याच्या वरच्या बाजूला काट्यांचं कुंपण घालायचं, गुरं खालीच पाजायची, असंही ठरलं.

बहुतेकांनी, सगळ्यांनी नाही. टेकडीपलीकडे पळालेली दोन घरं आलीच नाहीत. आठ दिवसांनी बाजारात रुमली भेटली तेव्हा तिने सांगितलं, त्या घरांतली एक बाई पटकीने गेली. तिला दोन लेकरं होती.

परतताना गाडीत मी जिजीला विचारलं, “माझ्यामुळे गेली का ग ती?”

दुसरं कुणी म्हणालं असतं, नाही ग, तिचं आयुष्यच तेवढं. जिजी खोटं बोलली नाही. “तसं कोन सांगी? पन हाई तुन्हासंगे ऱ्हाई,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे. पुढे कोनले काही सांगशी, तवय याद येई.” आणि तिने आपला हात माझ्या पाठीवर ठेवला. तो तिने गाडी तळोद्याला पोहोचेपर्यंत काढला नाही. एका हातानेच कासरा धरला होता.

सुट्टी संपत आली तेव्हा मी तिला म्हटलं, मी आता कॉलेज सोडते, इथेच काम करते. पुस्तकांतून काय शिकायचंय मला? वाटलं, ती खूश होईल. ती भडकलीच.

“कालेज नसतं ते तू कोना घरमा चुल्हापुढे बठेल ऱ्हाती, याद शे का? कालेजनी सुट्टी पडनी म्हनीसन तू उनी. जाय, पुरं कर. आनि पुढली सालले एकली येवू नको. दोन्ही-तीन्ही आंडेरीसले संगे लई ये.”

पुढच्या उन्हाळ्यात मी वसतिगृहातल्या तीन मुलींना घेऊन आले. नंदुरबारच्या स्टेशनात जिजी गाडी घेऊन उभी होती. तिने एकीचंही नाव विचारलं नाही. आधी तिघींच्या पायांकडे पाहिलं आणि सगळ्यांना सरळ चांभाराकडे नेलं. त्या तिघींपैकी एक पुढे डॉक्टर झाली. मी बी. ए. झाले आणि नवापूरच्या बाजूला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. दर उन्हाळ्यात मी शाळेच्या मोठ्या मुलींना पाड्यांवर नेत असे. मुलींना पाठवताना घरचे विचारत, बरोबर कोण आहे? मी माझं नाव सांगायची आणि ते ‘मग जाऊ दे’ म्हणायचे, तेव्हा मला आतून भरून येई. ते माझं पुण्य नव्हतं. जिजीने वर्षानुवर्षं लोकांच्या ओट्यांवर बसून कमावलेला विश्वास होता तो. त्यातला थोडा तिने मला वापरायला दिला होता.

ती गेल्याचं मला तिच्या पुतण्याच्या पत्राने कळलं. दोन दिवसांच्या तापाने गेली. पत्र पोहोचेपर्यंत दिवसही होऊन गेले होते. पण तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडंच आधी, अक्कलकुव्याच्या बाजारात.

मी मोटारीने तळोद्याकडे निघाले होते. बाजाराचा दिवस, म्हणून मोटार पंधरा मिनिटं थांबणार होती. मी पाणी प्यायला उतरले आणि चिंचेखाली डोंगरातल्या बायकांचा घोळका दिसला. डिंक, चारोळी, गवताच्या झाडण्या पुढे मांडून बसलेल्या. त्यांच्या मधोमध, धुळीत अंथरलेल्या घोंगडीवर, म्हसावदच्या जमीनदार घरातली ती बाई गाढ झोपली होती. केस पांढरेशुभ्र झाले होते. डोकं रुमलीच्या मांडीवर होतं आणि रुमली पळसाच्या पानाने वारा घालत होती.

मला तिला कितीतरी सांगायचं होतं. शाळेबद्दल, मुलींबद्दल, गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावर मी सबंध दिवस गप्प कशी बसून राहिले त्याबद्दल. मी पुढे झाले. रुमलीने मला ओळखलं, हसली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “डोंगरवरथीन दोन दिन चालीसन उनी. झोपू दे.”

मी तिथेच उभी राहिले. मागे ड्रायव्हरने भोंगा वाजवला. जिजी जागी होईल म्हणून आम्ही दोघी एकदम दचकलो. तिने नुसती कूस बदलली, रुमलीच्या लुगड्याचं टोक चेहऱ्यावर ओढून घेतलं आणि पुन्हा झोपून गेली.